धुक्यांतील दिवा आणि एंजिनांतील पिचकारी

कल्याणच्या पेठेंतून मुरबाडच्या वाटेला रात्रीं बैलगाड्या लागत, त्या काळीं गाडीच्या आंखाखालीं एक कंदील लोंबत असे. नवख्या माणसास त्याचें नवल वाटे. उजेड लांबवर पडावा असें वाटत असेल तर दिवा उंच धरावा, हें घरांतल्या लहान मुलासहि कळतें. मग गाडीवान तो जमिनीपासून हात-दीड हातावर कां टांगतो? त्या गाडीवानानें प्रकाशाचा पाठ शाळेंत गिरविला नव्हता. परंतु डोळ्यांपाशीं धरलेला दिवा डोळेच दिपवितो आणि खालीं टांगलेला दिवा चाकापुढची वाट उजळतो, एवढें त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ठाऊक होतें. आजच्या मोटारीच्या पुढच्या अंगास, अगदीं खालच्या कडेपाशीं, दोन लहान दिवे बसविलेले आढळतात. त्यांना फॉग लाइट अथवा धुक्याचे दिवे म्हणतात. ते त्या कंदिलाचेच वंशज होत.

या दिव्यांविषयीं, आणि मोटारीच्या पोटांत दडलेल्या दुसऱ्या एका लहानशा उपकरणाविषयीं, म्हणजे एंजिनांत इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरविषयीं, आज थोडें विवेचन करावयाचें आहे. एक वस्तु बाहेर, दुसरी आंत. एक उजेड टाकते, दुसरी इंधन. वरवर पाहतां त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु ठाणें, कल्याण, डोंबिवली या बाजूस मोटार हांकणाऱ्या गृहस्थाच्या अनुभवांत त्या दोहोंची गांठ पडते, आणि ती कशी पडते हें नीट समजून घेतल्यास पैसा वांचतो, वेळ वांचतो, आणि प्रसंगीं जीवहि वांचतो.

ठाणें जिल्ह्यांत धुकें तें किती पडणार, असें कोणी म्हणेल. दिल्ली-लखनौकडे पौषांत जसें दिवसचे दिवस धुकें दाटतें तसें येथें दाटत नाहीं, हें खरें. परंतु या भागाला तीन तऱ्हेचीं धुकीं ठाऊक आहेत. पहिलें हिंवाळ्यांतलें. रात्र निरभ्र असली म्हणजे जमीन आपली उष्णता आकाशाकडे झपाट्यानें टाकून देते, तिच्या लगतची हवा गार होते, आणि उल्हास नदीच्या व खाडीच्या कांठची ओलसर हवा तर पहांटेच्या सुमारास दुधासारखी पांढरी होऊन रस्त्यावर पसरते. दुर्गाडीच्या पुलावरून त्या वेळीं पाहिलें तर खालचें पाणी दिसत नाहीं. दुसरें पावसाळ्यांतलें. तें वस्तुतः धुकें नव्हेच, तर डोंगराला टेकलेला ढग होय. कसारा घाटांत व माळशेज घाटांत आषाढ-श्रावणांत हा ढग रस्त्यावर उतरतो, आणि एका वळणावर स्वच्छ दिसणारी वाट पुढच्या वळणावर नाहींशी होते. तिसरें धुकें माणसानें केलेलें. कारखान्यांचा व मोटारींचा धूर ओलसर थंड हवेंत मिसळला म्हणजे जें तयार होतें त्यास मराठींत धुरकें असा सुरेख शब्द आहे. डोंबिवलीकरांना तो समजावून सांगण्याची गरज नाहीं.

यांपैकीं माळशेजचें धुकें विशेष विचार करण्याजोगें आहे. कल्याणहून मुरबाड, टोकावडें असा जाणारा रस्ता हा घाट चढून जुन्नर-ओतुराकडे व पुढें अहिल्यानगराकडे जातो. जवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कल्याण बंदरांत उतरलेला माल त्या वाटेनें जुन्नरास चढत असे. आजहि या डोंगरांतून व्यापार चालतो, मात्र आतां तो उलट्या दिशेनें, खालीं उतरतो. जुन्नर, ओतूर, नारायणगांव या बाजूंचा भाजीपाला भरलेले टेंपो उजाडण्यापूर्वीं कल्याणच्या बाजार समितीच्या आवारांत पोंचावे लागतात, म्हणजे ते ऐन काळोखांत व ऐन धुक्यांत घाट उतरतात. त्याच वेळीं मुंबई-ठाण्याचीं सहलीचीं कुटुंबें धबधबे पाहण्यास वर निघालेलीं असतात. एकाच अरुंद वळणावर, एकाच ढगांत, पोटासाठीं धांवणारा व मौजेसाठीं धांवणारा समोरासमोर येतात. दोघांचाहि जीव त्या क्षणीं एकमेकांच्या दिव्यांवर अवलंबून असतो.

आतां धुक्यांत दिव्याचें काय होतें तें पाहूं. धुकें म्हणजे पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांचा समुदाय. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या दहा-वीस भागांइतका एकेक थेंब असतो. जुन्या कौलारू घरांत फुटक्या कौलांतून येणारा कवडसा सर्वांनीं पाहिला आहे. त्या कवडशांत धुळीचे कण चमकतांना दिसतात आणि प्रकाशाचा जणुं एक खांबच उभा राहतो. हवा निर्मळ असती तर तो खांब दिसला नसता. कण प्रकाशाला चोहोंकडे विखुरतात, म्हणूनच तो दिसतो. धुक्यांत मोटारीच्या मोठ्या दिव्यांचा झोत लांबवर सोडला म्हणजे असेंच होतें. समोरच्या असंख्य थेंबांवर आपटून त्यांतला कांहीं प्रकाश परत हांकणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो, आणि पुढें रस्त्याऐवजीं एक पांढरी भिंत उभी राहते. जितका झोत प्रखर, तितकी भिंत दाट. ज्याला कमी दिसतें तो साहजिकच अधिक उजेड करावयास जातो, आणि अधिक उजेडानें त्याला आणखी कमी दिसतें.

धुक्याच्या दिव्याची रचना ही अडचण ओळखून केलेली आहे. तिच्यांत तीन गोष्टी मुख्य. पहिली, तो खालीं बसवितात. त्यामुळें दिव्याचा झोत व माणसाची नजर यांच्यांत अंतर पडतें, आणि नजरेच्या वाटेंतले थेंब कमी उजळतात. दुसरी, त्याचा झोत वरच्या बाजूस सरळ रेषेनें कापलेला असतो. त्या रेषेच्या वर प्रकाश जवळ जवळ जात नाहीं. तिसरी, तो झोत लांब नसून रुंद असतो. रस्त्याची कड, पांढरा पट्टा, कठड्याचे दगड व वळणाची सुरुवात एवढें दाखविणें हेंच त्याचें काम. यावरून या दिव्याची मर्यादाहि स्पष्ट होते. तो लांबचें दाखवीत नाहीं. तो दूरदृष्टि देत नाहीं, पायाखालची वाट तेवढी देतो. म्हणून हे दिवे लागले म्हणजे आतां वेगानें जाण्यास हरकत नाहीं, असा अर्थ काढणें हें अज्ञान होय.

येथें पिवळ्या रंगाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पिवळा प्रकाश धुकें भेदून जातो, असा समज फार रूढ आहे, आणि मोटारीच्या सामानाच्या दुकानांत त्या समजावर पुष्कळ कांचा व कागद खपतात. हवेच्या रेणूंसारखे कण प्रकाशलहरीहून फारच लहान असतात, तेव्हां निळा प्रकाश अधिक विखुरला जातो. म्हणूनच आकाश निळें दिसतें. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशलहरीच्या कितीतरी पट मोठे असल्यामुळें ते सर्व रंग जवळ जवळ सारखेच विखुरतात, आणि म्हणूनच धुकें पांढरें दिसतें. पिवळा प्रकाश कित्येकांच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, एवढाच त्याचा गुण. फ्रान्स देशांत १९३० नंतरच्या दशकापासून १९९३ सालापर्यंत मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच असावेत असा नियम होता. त्यांतहि समोरच्याचे डोळे दिपूं नयेत हा हेतु प्रमुख होता. सारांश, धुक्याच्या दिव्याचा गुण त्याच्या जागेंत व आकारांत आहे, रंगांत नाहीं.

दिवा कसाहि असो, वेगाचें गणित त्याला चुकवितां येत नाहीं. हें गणित मराठी पांचवी-सहावीच्या मुलालाहि सोडवितां येईल. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. समोर कांहीं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाहि किमान एक सेकंद लागतो. म्हणजे १७ मीटर तर विचार करण्यांतच संपले. पुढें ओल्या रस्त्यावर ब्रेकनें दर सेकंदास सेकंदीं चार मीटर इतका वेग उतरतो असें धरलें, तर मोटार उभी राहण्यास आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ५२ मीटर. आतां वेग निम्मा, म्हणजे ताशीं ३० किलोमीटर करून पाहावें. पहिल्या सेकंदाचे सव्वाआठ मीटर, ब्रेकचे पावणेनऊ. एकूण १७ मीटर. वेग निम्मा झाला आणि अंतर निम्मे नव्हे, तर तिसऱ्या हिश्शावर आलें. घाटांत ३० मीटरांपलीकडे दिसत नसतां जो ताशीं ६० किलोमीटरनें जातो, त्यानें न दिसणाऱ्या २२ मीटरांवर आपला व पाठीमागें बसलेल्या मुलांचा जीव गहाण टाकलेला असतो. त्या २२ मीटरांत कांहींच नसेल अशी त्याची केवळ आशा असते.

या दिव्यांचा दुरुपयोगहि थोडा नाहीं. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शिळ रस्त्यावर स्वच्छ चांदण्या रात्रीं शेंकडों मोटारी व दुचाक्या धुक्याचे दिवे लावून, कांहीं तर बाजारांतून आणलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या लावून, धांवतांना दिसतात. कारखान्यांत बसविलेल्या दिव्याचा झोत मोजून खालीं वळविलेला असतो. बाजारी पट्टीला ती शिस्त नसते. तिचा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि त्याला कांहीं क्षण रस्ता, रस्त्यावरचा पादचारी व मधला दुभाजक यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. स्वतःला दिसावें म्हणून दुसऱ्याला आंधळें करण्याचा हा प्रकार आहे. झोत नीट आहे कीं नाहीं हें घरच्या घरीं पाहतां येतें. मोटार सपाट जमिनीवर भिंतीसमोर सात-आठ मीटरांवर उभी करावी व धुक्याचे दिवे लावावेत. भिंतीवर उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीहून खालीं पडली पाहिजे. वर पडत असेल तर दिवा नमवून घ्यावा.

कांहीं मोटारींना मागच्या बाजूसहि एक तांबडा, प्रखर असा धुक्याचा दिवा असतो. मागून येणाऱ्यास धुक्यांतहि ही मोटार दिसावी, हा त्याचा उपयोग. धुकें सरल्यावर तो तसाच ठेवला तर मागच्यास तो ब्रेकच्या दिव्यासारखा भासतो आणि खरा ब्रेक लागला म्हणजे त्याच्या ध्यानांत येत नाहीं. तसेंच, पाऊस किंवा धुकें आलें कीं चारी कोपऱ्यांचे लुकलुकणारे दिवे लावून चालत राहण्याची रीत पडली आहे, तीहि चुकीची आहे. ते दिवे थांबलेल्या मोटारीचे. चालत्या मोटारीनें ते लावले तर ती डावीकडे वळणार कीं उजवीकडे, हें सांगण्याचें साधनच उरत नाहीं. आणखी एक साधी गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. कित्येकदां धुकें बाहेर नसतें, तर समोरच्या कांचेच्या आंतल्या अंगावर माणसांच्या श्वासाची वाफ धरलेली असते. त्यावर दिव्यांचा उपाय चालत नाहीं. कांचेवर कोरडी हवा सोडण्याची जी कळ असते तीच दाबावी लागते.

दिव्याचें एवढें पुरे. आतां आंतल्या पिचकारीकडे वळूं.

पेट्रोल जळण्यास हवा लागते, आणि तीहि प्रमाणांत. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळून विषारी वायु होतो व धूर निघतो. हवा जास्त झाली तर एंजिन अडखळतें. हें प्रमाण राखण्याचें काम पूर्वी कार्ब्युरेटर करी. अत्तराच्या फवाऱ्याचा रबरी फुगा दाबला म्हणजे वेगानें जाणारी हवा नळींतलें अत्तर आपल्याबरोबर ओढून नेते. कार्ब्युरेटरची युक्ति तीच. एंजिन हवा ओढतें व त्या हवेबरोबर पेट्रोल ओढलें जातें. युक्ति साधी व हुषारीची होती, परंतु तिला हवामान कळत नसे. थंडीच्या सकाळीं चोक ओढावा लागे, उन्हाळ्यांत गर्दींत मोटार तापली म्हणजे नळींत पेट्रोलची वाफ होऊन ती बंद पडे, घाट चढून वर जावें तों हवा विरळ झाल्यामुळें पेट्रोलचें प्रमाण बिघडे. जुन्या फियाट मोटारींत ज्यांनीं संसाराच्या सहली केल्या, त्यांना कसाऱ्याच्या चढावर बॉनेट उघडून उभें राहिल्याची आठवण असेलच.

इंजेक्टर ओढला जाण्याची वाट पाहत नाहीं. तो रंगपंचमीच्या पिचकारीप्रमाणें इंधन स्वतः दाबानें सोडतो, आणि केव्हां व किती सोडावयाचें हें मोटारींतला लहानसा संगणक त्याला सांगतो. एंजिनांत किती हवा आली, ती किती गरम आहे, एंजिन किती वेगानें फिरतें आहे, पायाखालचा दट्ट्या किती दाबला आहे, आणि जळून बाहेर पडणाऱ्या धुरांत प्राणवायु किती उरला आहे, हें सर्व पाहून तो हिशेब होतो. एंजिन मिनिटास तीन हजार फेरे करीत असेल तर प्रत्येक नळकांड्याची पिचकारी एका सेकंदांत २५ वेळां उघडते व मिटते. साध्या चालीनें जातांना प्रत्येक वेळीं तिच्यांतून एका थेंबाहूनहि कमी पेट्रोल बाहेर पडतें, आणि तेंहि सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागांत. नेहमींच्या पेट्रोल मोटारींत हा दाब हवेच्या दाबाच्या तिप्पट-चौपट असतो. नव्या डिझेल मोटारींत तो दीड ते दोन हजार पटींपर्यंत जातो.

ही कल्पना मूळची डिझेल एंजिनाची. रूडॉल्फ डिझेल या जर्मन एंजिनियरनें आपलें एंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वीपणें चालवून दाखविलें. त्यांत ठिणगी नसून, दाबानें तापलेल्या हवेंत इंधन सोडून तें पेटविण्याची योजना होती. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. पेट्रोल मोटारींत १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या गाडीनें ही पद्धति प्रसिद्धीस आणली, आणि १९६७ सालीं फोक्सवागन मोटारींत विजेच्या मंडलावर चालणारी इंजेक्शन पद्धति मोठ्या प्रमाणावर आली. त्या बदलामागें अमेरिकेंतील धुराविरुद्धचे कायदे होते. म्हणजे या पिचकारीचा प्रसार झाला तो केवळ वेगाच्या हौसेनें नव्हे, तर शहरांतील माणसांना श्वास घेतां यावा म्हणून.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांतून निघालेल्या फियाट व पुढें पद्मिनी या मोटारींनीं दोन पिढ्या वाहून नेल्या. त्या कार्ब्युरेटरच्या मोटारी. त्याच कंपनीचा डोंबिवलीजवळ कल्याण-शिळ रस्त्यावर कारखाना होता, आणि १९९० नंतरच्या दशकांत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या साह्यानें तेथें मोटारी तयार होत. त्या कारखान्याचीं यंत्रें थांबलीं, पण प्रीमियर हें नांव त्या भागांतल्या लोकांच्या बोलण्यांत राहून गेलें. मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सींचा काळहि २०२३ च्या ऑक्टोबरांत संपला. मध्यंतरीं धुराचे नियम कडक होत गेले. २००० सालीं पहिला टप्पा आला, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा नियम सर्व देशांत लागू झाला. इंधनांतील गंधकाचें प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर उतरलें, आणि साध्या स्कूटरलाहि कार्ब्युरेटर सोडून इंजेक्टर घ्यावा लागला. म्हणून हा विषय आतां केवळ मोटारवाल्यांचा राहिलेला नाहीं. डोंबिवली स्टेशनाबाहेर लावलेल्या हजारों दुचाक्यांतहि तीच पिचकारी आहे.

इंजेक्टरमुळें हांकणाऱ्यास काय मिळतें? सकाळीं मोटार एका कळीनें सुरू होते. तीन हात नाक्याच्या गर्दींत मुंगीच्या पावलानें सरकतांना ती बंद पडत नाहीं. घाटमाथ्यावर हवा विरळ झाली तर इंधन आपोआप कमी होतें. तेंच काम कमी इंधनांत होतें. परंतु या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती पुष्कळ जाणत्या चालकांनाहि ठाऊक नसते.

घाट उतरतांना गिअर काढून मोटार मोकळी सोडावयाची, म्हणजे पेट्रोल वांचतें, अशी समजूत जुन्या काळापासून चालत आली आहे. वडिलांनीं मुलाला, वस्तादानें क्लीनरला ती शिकविली. कार्ब्युरेटरच्या काळीं तिच्यांत थोडेंफार तथ्य असेलहि. इंजेक्टरच्या मोटारींत ती समजूत साफ खोटी आहे. गिअरमध्यें असतां, उतारावर वेग देणाऱ्या दट्ट्यावरून पाय काढला कीं संगणक पिचकाऱ्या अजिबात बंद करतो. चाकें एंजिनाला फिरवितात, आणि एंजिन तेवढा वेळ इंधनाचा एक थेंबहि घेत नाहीं. उलट गिअर काढला तर चाकांचा आधार सुटतो, आणि एंजिन जिवंत ठेवण्यासाठीं पिचकाऱ्यांना इंधन सोडीत राहावें लागतें. म्हणजे जी युक्ति बचतीची म्हणून केली तिनेंच खर्च वाढला. पण खर्चाचें एक राहो. गिअरमधलें एंजिन मोटारीला मागें धरून ठेवतें. तें ओढ धरणें नाहींसें झालें म्हणजे सारा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ते तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळीं धरत नाहीं. भाजीचीं पोतीं भरलेला टेंपो माळशेजच्या उतारावर, धुक्यांत, मोकळा सोडलेला असतो तेव्हां दोन-चार रुपयांच्या डिझेलच्या लोभानें किती मोठी जोखीम पत्करलेली असते, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. घाट ज्या गिअरमध्यें चढावा, त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुन्या मोटारवाल्यांचा दुसरा नियम मात्र आजहि सोळा आणे खरा आहे.

पिचकारी जितकी सूक्ष्म तितकी नाजूक. डिझेलच्या इंजेक्टरचीं भोकें मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात. माणसाच्या केसाहून तीं फारशीं मोठीं नव्हेत. कसारा घाट ओलांडून नाशिकला गेल्यावर सातपूर येथें बॉश कंपनीच्या कारखान्यांत असे इंजेक्टर व त्यांचीं टोंकें तयार होतात. ज्या घाटांत तीं कसाला लागतात, त्या घाटाच्या माथ्यापलीकडेच तीं घडतात, हा मौजेचा योग म्हणावयाचा. एवढ्या बारीक भोकांतून जाणारें इंधन किती निर्मळ असलें पाहिजे हें सांगावयास नको. म्हणून इंधनाची गाळणी, म्हणजे फिल्टर, मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत सांगितलेल्या मुदतीस बदलावा. टांकी अगदीं कोरडी होईपर्यंत मोटार चालवूं नये. भेसळीचें इंधन स्वस्त पडतें म्हणून घेऊं नये; त्यांतला फायदा एक इंजेक्टर बदलतांच निघून जातो. अलीकडे पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. इथेनॉल पाणी शोषून घेतें, म्हणून फार दिवस उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या टांकींत तेंच पेट्रोल महिनोन् महिने राहूं देणें बरें नव्हे.

इंजेक्टर साफ करण्याच्या बाटल्या व विधि यांचाहि सध्यां सुळसुळाट आहे. मोटार नीट चालत असतां दर वेळीं हा खर्च करण्याचें कारण नाहीं. निरोगी माणसानें रोज जुलाब घ्यावा, त्यांतलाच तो प्रकार. मात्र एंजिन थरथरूं लागलें, उभ्या उभ्या अडखळूं लागलें, नेहमींच्या मानानें इंधन जास्त खाऊं लागलें, काळा धूर सोडूं लागलें, किंवा समोरच्या पाटीवर एंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला, तर उशीर करूं नये. तो पिवळा दिवा म्हणजे पोटांतल्या दुखण्याची जिभेवर उमटलेली खूण. ती झांकून भागत नाहीं. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या चांगल्या कारागिराकडे संगणक लावून दोष पाहण्याचें साधन असतें. अंदाजानें भाग बदलणाऱ्यापेक्षां आधीं तपासणाऱ्याकडे जावें.

येथें दोन्ही वस्तूंची गांठ पडते ती पाहावी. बिघडलेला इंजेक्टर इंधन नीट फवारीत नाहीं; मोठाले थेंब अर्धवट जळतात व काजळी होऊन बाहेर पडतात. ती काजळी शिळ फाट्यावरच्या व भिवंडीच्या वळणरस्त्यावरच्या हवेंत तरंगते, हिंवाळ्याच्या पहांटे तिच्या कणांवर दंव धरतें, आणि धुरकें दाटतें. मग त्याच धुरक्यांतून वाट काढण्यासाठीं मोटारवाला अधिक प्रखर दिवे विकत घेतो. एका हातानें पडदा लोटावयाचा आणि दुसऱ्या हातानें त्याला भोक पाडावयाचें, असा हा उद्योग होय. ज्याचें एंजिन निर्मळ जळतें त्यानें आपल्या शेजाऱ्यासाठींहि थोडा रस्ता मोकळा केलेला असतो. शाळेंत चालत निघालेलीं मुलें, वर्तमानपत्रें टाकणारीं पोरें, पहांटे फिरावयास निघालेले वृद्ध, यांना मोटार नसते, धुक्याचा दिवा नसतो. हवा मात्र तीच असते.

पुढें विजेच्या मोटारी वाढतील तेव्हां ही पिचकारी कदाचित् अडगळींत जाईल. ठाण्यांत तशा बसगाड्या धांवूंहि लागल्या आहेत. परंतु उल्हास नदीवर धुकें पडावयाचें थांबणार नाहीं, आणि माळशेजचा ढग मोटारीचें एंजिन कोणतें आहे हें विचारीत बसणार नाहीं. दिव्याची व वेगाच्या गणिताची गरज तेव्हांहि राहील.

तोंपर्यंत सामान्य गृहस्थानें एवढेंच करावें. पावसाळ्यापूर्वीं एकदां दिव्यांच्या कांचा पुसून त्यांचा झोत पाहावा, टायर व ब्रेक तपासावेत, फिल्टर बदलावा, आणि घाटाला निघण्यापूर्वीं घरच्यांना पोंचण्याची वेळ सांगतांना तींत तासभर अधिक धरावा. उशीर झाला तर कोणी रागावणार नाहीं, हें माहीत असलें म्हणजे पाय आपोआप हलका पडतो. धुकें फारच दाटलें तर रस्ता पूर्णपणें सोडून सुरक्षित जागीं थांबावें. ढग केव्हां ना केव्हां वर सरतो. उतारावर गिअर सोडूं नये. आणि घाट संपून टोकावडें मागें पडलें, समोर रस्ता स्वच्छ दिसूं लागला, कीं धुक्याचे दिवे आठवणीनें विझवावेत. समोरून भाजी उतरवून परतणारा टेंपो येत असतो, आणि त्यालाहि घरीं जावयाचें असतें.